वालांची सालं

ठाणे,
श्रावणातला पहिला रविवार, रात्री साडेनऊ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हे पत्र डब्यासोबत मिळेल. डबा आधी फ्रिजमध्ये ठेव, मग वाचायला बस. व्हॉट्सअॅपवरच लिहिणार होतो, पण आज बोटं इतकी सुरकुतली आहेत की फोन ओळख देईना. शिवाय तिथं तू अंगठा दाखवून मोकळा होतोस.

विषय त्या शनिवारचा. गटारीच्या आधी आम्हाला बाहेर जेवायला न्यायचं म्हणून तू महिनाभर आधी टेबल सांगून ठेवलंस, गाडी पाठवलीस, आईसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची मागून घेतलीस. सात पदार्थांचं जेवण, एकेक करून येणारं. पहिले दोन मी गुपचूप खाल्ले, तू पाहिलंसच. कोळंबीचा तो प्रकार तर चांगलाच होता. तिसऱ्याला वाटीएवढ्या खोलगट ताटात मधोमध दोन चमचे वालांचं बिरडं आलं. वर कसलीशी फुलं. मी पहिला घास घेतला आणि दातांखाली साल आली. दुसऱ्या घासाला पुन्हा साल. मग माझा आवाज चढला. त्या वेटर पोराला मी विचारलं, "वाल सोलायचे असतात हे तुमच्या शेफला कुणी सांगितलं नाही का?" शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. तू पाण्याचा ग्लास हातात धरून खाली बघत बसलास. पोरगं बिचारं सॉरी सॉरी म्हणत राहिलं. बहुधा त्याला बिरडं म्हणजे काय हेच माहीत नसावं.

बिल पाच हजार सहाशे चाळीस झालं. तू ते घाईघाईने उलटं करून ठेवलंस, पण बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडे उलटेही वाचता येतात.

परतताना गाडी नको म्हणून मीच हट्टाने करी रोडहून ट्रेन पकडली. कांजूरमार्गपर्यंत आई गप्प. मग म्हणाली, "एक विचारू? आयुष्यात एक तरी वाल सोललात का हो?"

मी आठवून पाहिलं. नव्हता सोलला.

आता हसू नकोस. पेणच्या घरी तुझी पणजी नि आजी पाणी भरलेल्या परातीभोवती बसायच्या. आम्हा मुलांचं काम एवढंच, की सोललेले वाल, म्हणजे डाळिंब्या, कच्च्याच पळवायच्या आणि हातावर फटका खायचा. तिकडे भात कापून झाला की त्याच शेतात वाल पेरतात. वर पाऊस नाही, पाणी द्यायचं नाही, जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येतं. म्हणून तर ते कडू होतात, असं आमचे तात्या म्हणायचे. शास्त्र काय सांगतं देव जाणे. हिवाळ्यात त्याच वालाच्या शेंगा मडक्यात, भांबुर्डीच्या पाल्यात घालून पोपटी लावायची. ती तू खाल्ली आहेस, हात भाजून घेतला होतास.

मग १९७९ साली मी मुंबईला आलो. तू ज्या गिरणीच्या आवारात आम्हाला जेवायला नेलंस ना, तिच्या मागच्याच गल्लीत मी तीन वर्षं जेवलो. हे त्या रात्री सांगायचं राहिलं, कारण मी सालांवरून भांडत होतो. दहा बाय बाराची खोली, त्यात मावशींची खानावळ. चाळीसेक जेवणारे, बहुतेक गिरणीतले, पाळीप्रमाणे येणारे. पहिल्या पाळीचा उठला की दुसरीचा त्याच पाटावर. मसुराची आमटी, भात, चपात्या, बुधवारी मासळी. मी बँकेतला एकटाच, म्हणून मला 'सायेब' म्हणायचे आणि मुद्दाम तिखट वाढायचे. त्याच सुमारास प्रेमा पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळायला लागलं होतं. १९७५ पासूनचं ते काम. त्याआधी सावकाराशिवाय दार नव्हतं. मावशींचा अर्ज मी भरून दिला होता. माझ्या बँकेतल्या कारकिर्दीतलं सगळ्यात चांगलं काम तेच असेल.

एकदा मी त्यांना म्हटलं, मावशी, श्रावण आहे, बिरडं करा की. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चाळीस जणांचे वाल कोण सोलील रे? तुझी आई येईल का?" विषय संपला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, आणि तो संप मागे घेतल्याचं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही. मावशींनी पाच-सहा महिने उधारीवर जेवू घातलं. मग वही बंद केली आणि गावी गेल्या. वहीतले पैसे त्यांना कधीच मिळाले नसणार. आता तिथं काच आणि दिवे आहेत आणि तुझं ऑफिस आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तू तिथं कमावतोस याचा मला आनंदच आहे.

रविवारी संध्याकाळी खानावळीला सुट्टी असायची. माझं बाहेर खाण्याचं वेड तिथून सुरू झालं, चैन म्हणून नव्हे, चूल बंद म्हणून. खिसा बरा असेल तर गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम. तिथली सुरमई आणि सोलकढी मला आजही तोंडात येते, खानावळ मात्र कधीच बंद झाली. महिनाअखेर असेल तर दादरला स्टेशनसमोर मामा काण्यांकडे बटाटेवडा. ग्रँट रोडला मेरवानचा मावा केक मिळवायचा तर सकाळीच जावं लागे, म्हणून त्यासाठी रजा टाकल्याचंही आठवतं (साहेबाला दाढदुखी सांगितली होती). माटुंग्याला रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवायला बसलं की मी रसम तीनदा मागायचो. आणि पहिला पगारवाढीचा फरक मिळाला तेव्हा बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव. त्यातल्या त्या आंबट लाल बेऱ्या इराणहून येतात हे कळल्यावर मी त्या मोजून खाल्ल्या होत्या.

यांतल्या कुठल्याही ठिकाणी जाऊन मी कधी घरचं काही मागितलं नाही. नायकांकडे आमटी मागितली नाही, इराण्याकडे आलेपाक घातलेला चहा मागितला नाही. हॉटेलात हॉटेलाचं खायचं एवढी अक्कल मला विशीत होती. सदुसष्टाव्या वर्षी ती कुठे गेली, हे शोधायला आईने मला अर्धा किलो वाल आणून दिले.

शुक्रवारी रात्री भिजत घातले. शनिवारी सकाळी पाणी काढलं, ते लालसर, फेसाळ आणि चक्क कडू असतं (मी चाखून पाहिलं, तू नको चाखूस). मग पंच्यात घट्ट बांधून डब्यात ठेवले. पावसाळी हवेत मोड लवकर येत नाहीत, म्हणून आज दुपारपर्यंत थांबलो. दर दोन तासांनी पुरचुंडी उघडून बघत होतो, तर आई म्हणाली, "अंडी उबवताय का?"

जेवण झाल्यावर परातीत कोमट पाणी घेऊन बसलो. कृती सोपी दिसते: वाल चिमटीत धरायचा, मोडाच्या विरुद्ध टोकाला अंगठ्याने दाबायचं, की डाळिंबी सालीतून सटकून बाहेर येते. माझी पहिली थेट टीव्हीवर गेली. दुसरी फुटून दोन दळं झाली. जोरात दाबलं की फुटते, हळू दाबलं की साल नुसती सरकते. पाणी गार झालं की साल आवळून धरते, ते बदलायला पुन्हा उठायचं. पंधरा मिनिटांनी पाठ, अर्ध्या तासाने मान. बोटं बुळबुळीत, नखांत तपकिरी रेघ. आणि परातीत बघावं तर वाल तेवढेच. आई समोर मटार निवडल्यासारखी सोलत होती, टीव्हीवरून नजर न काढता. माझी एक होईतो तिच्या चार. मी घड्याळ लावलं होतं. दोघांना मिळून पावणेदोन तास लागले. ती हे अडतीस वर्षं एकटी करते आहे. दर श्रावणी सोमवारी, शिवाय तुझे मित्र येणार म्हणून, शिवाय मला हुक्की आली म्हणून.

तिचा उजवा अंगठा दुखतो. तो कधीपासून दुखतो हे मी आज पहिल्यांदा विचारलं. "तीन वर्षं झाली," म्हणाली.

फोडणी मात्र तिने मला दिली नाही. हिंग, हळद, मग डाळिंब्या, वर झाकण आणि झाकणात पाणी. आतलं आटलं तर त्यातलंच गरम पाणी ओतायचं. गार पाणी पडलं की डाळिंबी दडस राहते. चमच्याने ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हिसडायचं. शिजत आल्यावर आमसूल, गूळ, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळा उकळायचं नाही.

माझ्या हातून फुटलेल्या डाळिंब्या तिने वेगळ्या काढल्या होत्या. म्हणाली, या आमटीत घालू. नंतर बघतो तर त्यांतल्या थोड्या तुझ्या डब्यात घातल्या आहेत. विचारलं तर म्हणे, "त्याला कळू दे कुणी सोलल्यात."

तर बाळा, त्या रात्री माझं चुकलं. बिरडं वाईट होतं हे खरं, आणि ते मी अजूनही म्हणेन, सालीसकट बिरडं हा गुन्हाच आहे. पण बोलायचा हक्क आईचा होता, आणि ती तर गप्प बसून पुढच्या पदार्थाची वाट बघत होती. तिला ते शेवटचं गुळाचं आइस्क्रीम फार आवडलं, हे तिने मला आज सांगितलं. मी भांडलो नसतो तर तिने दुसरं मागवलं असतं म्हणे. तेव्हा श्रावण संपला की पुन्हा जाऊ. टेबल तूच सांग, बिल मी देणार, आणि वालाच्या वेळी मी हात धुवायला जाईन. त्या पोराचं नाव मला माहीत नाही, पण तो दिसला तर त्याला माझं सॉरी सांग.

उरलेल्या डाळिंब्या इथं फ्रिजमध्ये आहेत, त्या उद्या उपास सोडायला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा वाल भिजत घालतो आहे. रविवारी दुपारी मोकळा असशील तर ये, परात मोठी आहे.

तुझा,
बाबा

ता.क. मायक्रोवेव्हमध्ये फार तापवू नकोस, नारळाचं दूध फुटतं. स्टीलचा डबा आत घालू नकोस, हे आईने लिहायला सांगितलं आहे. आणि डबा धुऊन परत आण. याआधीचे तीन तुझ्याकडेच आहेत, त्यांतला एक तिच्या माहेरचा आहे.