डोंगरावरून, साठच्या वेगाने

सिडनी,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

शेवटी त्या डोंगरावर गाडी घालून आलो बघ. माउंट पॅनोरमा, आपल्या लाडक्या कार-शर्यतीचा रस्ता! इथून दोनेकशे किलोमीटर, ब्लू माउंटन्स ओलांडले की बॅथर्स्ट. शर्यत नसेल तेव्हा तो साधा सार्वजनिक रस्ता असतो. कडेला लोकांची घरं आहेत, वेगमर्यादा ताशी 60. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी पहाटे उठवलंस?"

चढताना काही वाटलं नाही. 6.213 किलोमीटरचा फेरा आणि त्यात 174 मीटरची चढ-उतार, हे आकडे आपल्याला पाठच होते. पण माथ्यावर पोचलो आणि बॉनेटपुढचा रस्ताच गायब! त्या जागेचं नावही स्कायलाइन, निस्सानची त्याच नावाची गाडी इथे यायच्या कितीतरी आधीपासूनचं. मग एसेसची नागमोडी वळणं, मग डिपरचं वळण. तिथे रस्ता डावीकडे असा कोसळतो की पोटात गोळा आला. काँक्रीटची भिंत हाताच्या अंतरावर. साठ कुठले, मी चाळिसावर होतो आणि पाय ब्रेकवरून निघत नव्हता. मागची पोरं हसत होती, ते वेगळंच.

तुझं ठरलेलं वाक्य आठवलं: "आर-32 जीटी-आरमध्ये कोणीही बसवा, जिंकेल." निस्सान स्कायलाइनची ती जीटी-आर गाडी तशी होतीच म्हणा. 2.6 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो. आणि खरी करामत चारचाकी ड्राइव्हची. एरवी ताकद मागच्या चाकांना, ती घसरायला लागली की लागेल तेवढी पुढच्यांना. कोपऱ्यातून बाहेर पडताना फोर्डची सिएरा मागची चाकं सांभाळत बसायची, तोवर ही निघून गेलेली. जपानमध्ये 29 शर्यतींत 29 विजय. ऑस्ट्रेलियन मासिकानेच तिला गॉडझिला म्हटलं. 1991 ला जिम रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ यांनी 161 फेऱ्या मारून इथली हजार किलोमीटरची शर्यत जिंकली. ही शर्यत एकूणात जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. होल्डन-फोर्डच्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या इथल्या लोकांना ते कसं पचावं? पुढच्या वर्षी तिच्यावर जादा वजन लादलं, टर्बोच्या दाबाला लगाम घातला.

आणि 1992. तुझा हुकमी एक्का! पाऊस असा की टीव्हीवर नुसता करडा पडदा. रिचर्ड्स कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत टायरांवर, भिंतीला घासून गाडीचं चाक मोडलेलं, तशीच ती फॉरेस्ट्स एल्बोच्या वळणापुढे आधीच घसरून पडलेल्या गाड्यांत जाऊन अडकली. शर्यत थांबवली, निकाल आधीच्या फेरीवरून लावला, आणि अडकलेली गाडी विजेती! डिक जॉन्सनची सिएरा धडधाकट पळत होती, ती दुसरी. लोकांनी हुर्यो उडवली आणि रिचर्ड्सने व्यासपीठावरूनच त्यांना शिवी हासडली. आपण ते सांगून सांगून हसायचो.

आज त्याच उतारावरून कॉनरॉड स्ट्रेटला लागलो आणि हसू आलं नाही. त्या दिवशी याच सरळ रस्त्यावर डेनी हल्म आपली बीएमडब्ल्यू कडेला थांबवून गेला. हृदयविकार. 1967 चा फॉर्म्युला वनचा जगज्जेता, न्यूझीलंडचा, रिचर्ड्सचा दोस्त. ती बातमी कळून काही वेळच झाला होता, तेवढ्यात रिचर्ड्सला व्यासपीठावर चढवून समोरून ओरडा. संज्या, तू असतास तर काय बोलला असतास? मी तर माइकच फेकून मारला असता.

त्यामुळे "कोणीही बसवा" हे मी आजपासून ऐकून घेणार नाही. कोणीही म्हणजे मीसुद्धा, आणि मी डिपरला चाळिसावर होतो. पण निकालाचं म्हणशील तर, उभी गाडी जिंकते हे मलाही अजून पटत नाही. ते अर्धं भांडण शिल्लक ठेव. दिवाळीला येतोय.

काकूंना नमस्कार. आणि ती तुझी जुनी मारुती विकू नकोस, मला एक चक्कर मारायची आहे.

तुझा,
बाळ्या