अलमट्टीचं पाणी ढगाआडून पण दिसतंय

संपादक साहेब, २०१९ ला आमच्या घरात पुराचं पाणी आलं तेव्हापासून दरवर्षी तेच चाललंय, कोयना धरणातून किती पाणी सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती साठवलं, आणि आम्ही सांगलीच्या आयर्विन पुलावर जाऊन पाण्याच्या पातळीची पट्टी बघायची. अहो ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह गेलाय, त्याचं रडार ढगातून, रात्री पण जमीन बघतं, म्हणजे ऐन पावसात पाणी कुठवर पसरलंय ते कळतं. दर १२ दिवसांनी एक फेरी, पुराला ती कमीच, म्हणून बाकीच्या रडार उपग्रहांचे फोटो पण जोडा आणि महाराष्ट्र-कर्नाटक दोघांनी एकच नकाशा रोज लोकांसमोर ठेवा.

- एक पूरग्रस्त, सांगली