घर बांधून द्याल, पण पाण्याचा ट्रक कोण चालवणार?

कॅनडाचे गृहनिर्माण व पायाभूत सुविधा मंत्री, माननीय श्री. ग्रेगर रॉबर्टसन यांस,

स.न.वि.वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहिण्याचं कारण, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातले माझे मराठी मित्र ‘हाउसिंग क्रायसिस’ म्हटलं की मॉर्गेजच्या दरापुढे जात नाहीत. त्यांच्या मतांची आपल्याला काळजी करावी लागते. आमची फारशी लागत नाही. 343 खासदारांत नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा एक.

मी उत्तरेकडच्या या प्रदेशाच्या राजधानीत, येलोनाइफमध्ये राहते आणि लहान गावांच्या कारभाराचे हिशेब बघते. मराठी वाचकांसाठी सांगते: महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा हा प्रदेश, 2021च्या जनगणनेत माणसं 41,070, त्यातली निम्मी एकट्या येलोनाइफात. उरलेली बत्तीस गावांत विखुरलेली. कोल्व्हिल लेक किंवा सॅक्स हार्बरसारख्या गावात शंभर-सव्वाशे डोकी.

यातल्या बहुतेक लहान गावांत नळयोजना नाही. जमीन वर्षभर गोठलेली, पाइप पुरले तर पाणीही गोठणार आणि पाइपही फुटणार. म्हणून घरोघरी पाण्याचा ट्रक येतो. उणे 40मध्ये ड्रायव्हर जाड होज ओढत भिंतीवरच्या तोंडापर्यंत नेतो, आतली हजार-बाराशे लिटरची टाकी भरतो, पुढच्या घराकडे जातो. मागून सांडपाण्याचा ट्रक. तो आला नाही तर काय होतं हे दक्षिणेतल्या लोकांना सहसा ठाऊक नसतं. बऱ्याच घरांत सांडपाण्याची टाकी भरली की आतला फ्लोट वर येतो आणि पाण्याचा पंपच बंद पडतो. टाकीत पाणी आहे, पण नळाला थेंब नाही. ट्रक बिघडला, ड्रायव्हर आजारी पडला किंवा हिमवादळात रस्ता बुजला, की पाच लेकरांचं घर असंच बसून राहतं. शिवाय ट्रक उघड्यावर ठेवता येत नाही. त्याला गरम गॅरेज लागतं, म्हणजे ते तापवायचं डिझेल आलं, गॅरेजची डागडुजी आली.

हा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? गावाच्या. आपल्या घरबांधणीच्या घोषणांत तो कुठेच दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, साहेब, की इथे घर आणि गावाचा कारभार ही दोन खाती नाहीत. आपण मात्र घराचे पैसे एका पाकिटातून देता, पायाभूत सुविधांचे दुसऱ्या, आणि दोन्ही चालवायचे पैसे कोणत्याच पाकिटात नसतात.

2007 साली इथल्या, म्हणजे टेरिटरीच्या, सरकारने ‘न्यू डील’ म्हणून भांडवली कामांची जबाबदारी गावांकडे सोपवली. तेव्हापासून पैसे तीन शीर्षांखाली येतात: चालू खर्च, पाणी-सांडपाणी आणि बांधकाम. 2014 साली सरकारने स्वतःच आढावा घेतला तेव्हा निघालं, की गावांना दरवर्षी जेवढे लागतात त्यापेक्षा सुमारे 4 कोटी डॉलर कमी मिळतात. ही आकडेमोड विरोधकांची नाही, सरकारचीच. पुढच्या एका विधानसभेने ही तूट 50 लाखांनी कमी करू असं ठरवलं. एवढ्या खड्ड्यात ती माती कुठे गेली ते मी हिशेब बघते म्हणून मला माहीत आहे.

आपण दहा वर्षं व्हँकुव्हरचे महापौर होता. वरच्या सरकारांनी हात आखडता घेतला तरी त्या शहराला मालमत्ता कराचा आधार होता. आमच्याकडे 33पैकी फक्त सहा ठिकाणं स्वतः मालमत्ता कर लावतात: येलोनाइफ, हे रिव्हर, फोर्ट स्मिथ, इनुविक, नॉर्मन वेल्स, फोर्ट सिम्पसन. बाकीच्या गावांत कर लावायला खाजगी मालमत्ता तरी किती? अर्धंअधिक गाव सरकारी भाड्याच्या घरांत, एक को-ऑप दुकान, एक शाळा, एक आरोग्य केंद्र.

ती भाड्याची घरं कशी आली हेही आपल्या खात्याच्या कपाटात असेल. इथल्या मूलनिवासींची, डेने आणि इनुव्हियालुइट, कुटुंबं फिरती होती. विसाव्या शतकाच्या मध्यात शाळा, दवाखाना आणि घर यांच्या जोरावर सरकारने त्यांना एका जागी आणलं. त्या लोकांनी घर मागितलं नव्हतं. मग 1993च्या अर्थसंकल्पात ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, नव्या सामाजिक घरांना पैसे द्यायचं बंद केलं. अपवाद मूलनिवासींच्या राखीव क्षेत्रांचा. पण नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये राखीव क्षेत्रं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे लोकसंख्येचा अर्धा हिस्सा मूलनिवासींचा असूनही तो अपवाद आमच्या कामाचा नाही. जुन्या घरांसाठी येणारं अनुदान दरवर्षी घटत जातं आणि 2038 साली शून्यावर येणार आहे. घरं मात्र 2038 साली रिकामी होणार नाहीत. भाडं उत्पन्नावर ठरतं, तेव्हा भाड्यातून डिझेलसुद्धा निघत नाही. लहान गावात गेलात तर खिडक्यांना प्लायवुड ठोकलेली घरं दिसतील, आणि त्याच गावात एका घरात तीन कुटुंबं. दुरुस्तीला पैसा नसला की घर असंच मरतं.

न्याय म्हणून सांगते: मधल्या काळात ओटावाने काहीच दिलं नाही असं नाही. 2022च्या अर्थसंकल्पात दोन वर्षांसाठी आमच्या वाट्याला 6 कोटी डॉलर आले. सप्टेंबर 2025मध्ये आपण ‘बिल्ड कॅनडा होम्स’ ही केंद्राची घरबांधणी संस्था सुरू केली, त्यात शेजारच्या नुनावुत टेरिटरीला सातशेहून अधिक घरं, हा चांगला निर्णय. पण कारखान्यात बनवलेल्या घरांसाठी निवडलेल्या पहिल्या सहा जागा बघा: डार्टमथ, लाँगे, ओटावा, टोरांटो, विनिपेग, एडमंटन. त्यातली सर्वात उत्तरेची एडमंटन, म्हणजे माझ्या घरापासून रस्त्याने जवळजवळ दीड हजार किलोमीटर दक्षिणेला.

आणि अटी! केंद्राच्या 2024च्या पायाभूत सुविधा निधीत अट अशी होती, की पालिकांनी चार कुटुंबांच्या इमारतीला आपोआप परवानगी द्यावी. टोरांटोत ठीक आहे, तिथे शेजारीपाजारी आडवे येतात. आमच्या हॅमलेटमध्ये, म्हणजे लहान गावात, चार कुटुंबांच्या इमारतीला विरोध करणारं कुणी भेटलं नाही. तिथे अडतं ते सांडपाण्याच्या तळ्याच्या क्षमतेवर, खडीचा चौथरा घालायला पैसे नसण्यावर आणि दुसऱ्या ट्रकला ड्रायव्हर नसण्यावर. केंद्राच्या कम्युनिटी-बिल्डिंग फंडातून बांधकाम करता येतं, रोजचा चालवण्याचा खर्च करता येत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नवं नाही: पाणीपुरवठा योजना थाटात उभी राहते, उद्घाटन होतं आणि दोन वर्षांत वीजबिल थकून पंप बंद पडतो.

वेळेचाही विचार व्हावा. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. आमचं बांधकामाचं सामान मात्र गोठलेल्या नद्या-तळ्यांवरच्या हिवाळी रस्त्याने जातं किंवा उन्हाळ्यात बार्जने, म्हणजे नदीतल्या मालवाहू तराफ्याने. मंजुरीचं पत्र जूनमध्ये आलं तर त्या वर्षीची बार्ज बहुधा हुकलेलीच असते आणि काम वर्षभर मागे पडतं. 2024च्या उन्हाळ्यात मॅकेंझी नदीचं पाणी इतकं उतरलं, की तुलिता, नॉर्मन वेल्स आणि फोर्ट गुड होपच्या बार्ज-फेऱ्याच रद्द झाल्या. त्याच फोर्ट गुड होपमध्ये के’अशो गोटिने हाउसिंग सोसायटी आहे, गावातल्याच माणसांना कामाला लावून गावातली घरं दुरुस्त करणारी. अशा संस्थांना वर्षावर्षाच्या अर्जांत गुंतवणं म्हणजे सुताराच्या हातातला हातोडा काढून कारकुनाचं पेन देणं.

आता मागण्या. 2038पर्यंत शून्यावर जाणारा तो उतार थांबवा. अनुदान आज आहे तिथे गोठवा आणि इंधनाच्या भावाशी जोडा. दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: उत्तरेत केंद्राच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घरामागे त्याच करारात गावाच्या पाणी-सांडपाणी खात्यालाही ठरावीक वार्षिक रक्कम द्या, घर उभं आहे तोवर. येलोनाइफमधलं टेरिटरीचं सरकार तूट भरत नाही म्हणून ओटावाने हात झटकायचे आणि ओटावा देत नाही म्हणून येलोनाइफने, हा खेळ गावांनी आणखी किती वर्षं बघायचा? आणि मंजुऱ्या ऑक्टोबरपर्यंत द्या, म्हणजे हिवाळी रस्ता उघडायच्या आत ठेकेदाराला लाकूड, खिडक्या, बॉयलर मागवता येतील.

आकडे लागले तर प्रत्येक गावाचे लेखापरीक्षित हिशेब इथल्या पालिका खात्याकडे दरवर्षी जमा होतात. आपल्या अधिकाऱ्यांनी पाणी-सांडपाण्याचं पान मागवावं आणि त्या गावात किती नवी घरं मंजूर केलीत ते शेजारी मांडावं. आपलं उत्तर आलं तर तेही मी मराठीत छापीन.

आपली,
येलोनाइफची एक रहिवासी