काजव्यांच्या छायाचित्राखाली एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की भंडारदरा परिसरातील काजव्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आणि मोबाइलवर झळकू लागतात आणि त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग शेंडी, मुतखेल, घाटघरच्या रस्त्याला लागते. त्या रांगेत मीही अनेकदा असतो, त्यामुळे पुढील तक्रारीत माझाही वाटा आहे हे आधीच कबूल करतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील एका वाडीजवळ आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने मोबाइलवरचे छायाचित्र आणि समोरचे झाड दोन-तीनदा आळीपाळीने पाहिले आणि ‘इथे तर काहीच नाही’ असे म्हणत तो गाडीकडे वळला. त्याला दोष द्यावासा मला वाटला नाही. काजव्यांची गाजलेली बहुतेक छायाचित्रे कॅमेरा तिपाईवर ठेवून टिपलेल्या अनेक चित्रांचे थर संगणकावर एकावर एक चढवून तयार होतात. म्हणजे बऱ्याच वेळात जिथे जिथे काजवा लुकलुकला, ते सगळे ठिपके एकाच चौकटीत, जणू एकाच क्षणी, दिसतात. तसे दृश्य तिथे उभ्या असलेल्या कोणालाही दिसत नाही.

दिसते ते वेगळेच, आणि त्यासाठी थांबावे लागते. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मधेच मोबाइल उघडला की ती सगळी बैठक वाया जाते. ‘बत्ती मारू नका, डोळं जरा अंधाराला बसू द्या,’ असे वाडीतल्या एका आजींनी दोनदा बजावले, तेव्हा कुठे आम्ही गप्प बसलो. आधी फक्त ओल्या मातीचा वास आणि कुठेतरी वाहणारे पाणी. मग सादड्याच्या एका फांदीवर चार-दोन ठिणग्या, आणि थोड्या वेळाने अख्खे झाड एका लयीत उजळू आणि विझू लागले. विझल्यावरचा तो काळोखाचा क्षण तर कोणत्याच छायाचित्रात येत नाही. एक काजवा माझ्या बाहीवर बसला. त्याच्या उजेडात कापडाचे धागे दिसत होते, आणि त्या उजेडाला ऊब मात्र अजिबात नव्हती. तेवढ्यात वळणावरून एका गाडीचे प्रखर दिवे आले आणि झाड विझले ते बराच वेळ विझलेलेच राहिले.

हा लखलखाट नर-मादीच्या भेटीचा इशारा असतो आणि प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते, त्यामुळे दिव्यांनी बुडवलेली प्रत्येक रात्र त्यांना महागात पडते. मोठा पाऊस लागला की हंगामही आटोपतो. वन विभागाचे नियम आहेत आणि ते पाळले जावेत, यावर नव्याने लिहिण्यासारखे काही नाही.

माझी विनंती आपल्यासारख्या संपादकांना आहे. काजव्यांचे छायाचित्र छापताना ते किती चित्रे एकत्र करून बनवले आहे, हे त्याखाली स्पष्ट लिहावे, आणि जागा उरल्यास, तिथे गेल्यावर निदान अर्धा तास मोबाइल खिशात ठेवून अंधारात बसावे लागते, हेही छापावे.

आपला,
एक वाचक, संगमनेर