ढगात शिरण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता फक्त डायलवर विमान उडवायचं प्रशिक्षण, सुरू होतंय, तर आधी कानाबद्दल. क्षितिज दिसेनासं झालं की तोल आतल्या कानावर येतो आणि सेकंदाला साधारण २ अंशांहून हळू वळण त्याला कळतच नाही. एकसारखं वळण २० सेकंद चाललं की आपण सरळ चाललोय असं वाटतं. मग पंख खरोखर सरळ केलेस की उलट्या बाजूला कलल्याचा भास होतो. वळणात असताना मान खाली घालून मांडीवरचा चार्ट बघू नकोस, भास बळावतो.

नजर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवरून (विमानाचा कल दाखवणारा डायल) निघून एकेका डायलवर जावी आणि परत तिथेच यावी. शंभर फूट चुकले म्हणून उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरकडे टक लावलीस की हेडिंग, म्हणजे विमानाची दिशा, सरकलंच समज. वळण सेकंदाला ३ अंश. १०० नॉटला १७ अंशांचा कल पुरतो. हेडिंग इंडिकेटर दर १५ मिनिटांनी कंपासशी जुळव, पण सरळ-समतल असतानाच. वळताना कंपास फसवतो.

डायलही फसवतात, हे जास्त महत्त्वाचं. जुन्या सेसना १७२ मध्ये हवा ओढून डायल चालवणारा व्हॅक्यूम पंप गेला की अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर हळूहळू कलंडतो आणि त्याच्यामागे आपणही. वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो, म्हणून त्याच्याशी आणि पंपाचा जोर दाखवणाऱ्या सक्शन गेजशी ताडून बघ. बिघडलेला डायल कागदाने झाक, नाहीतर नजर तिथे जातेच. पिटो हीट, म्हणजे वेग मोजणाऱ्या पिटो नळीचा हीटर, ढगाआधी लाव. पिटो नळी आणि तिचं निचऱ्याचं छिद्र दोन्ही गोठली, तर वर चढताना वेग वाढल्याचं दिसतं. नाक आणखी उचलशील आणि स्टॉल होशील, म्हणजे पंखांची उचलच जाईल.

१ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात गेलं, २१३ माणसं. कॅप्टनसमोरचा डायल उजव्या कलावर अडकला होता, म्हणून विमान डावीकडेच लोटलं गेलं. बाहेर रात्रीचा समुद्र, क्षितिज नाही. इतर उपकरणं चालू होती. (हे आजीला वाचून दाखवू नकोस.)

उतरताना ग्लाइड स्लोप, म्हणजे धावपट्टीकडे उतरायची वाट, ३ अंश. उतरण्याचा दर ग्राउंडस्पीड (जमिनीच्या मानाने वेग) गुणिले ५, म्हणजे ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट. २०० फुटांवर दिवे दिसले नाहीत तर गो-अराउंड, म्हणजे परत वर चढायचं, "अजून पन्नास फूट बघू" नाही. मात्र ते २०० खरे असायला हवेत. पावसाळ्यात आपल्याकडे क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब) १००३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. फ्लाइट लेव्हलवरून, म्हणजे जिथे सगळेच १०१३ लावून उडतात त्या वरच्या उंचीवरून, उतरताना अल्टिमीटरवर १०१३ च राहिलं, तर डायल २०० दाखवायच्या आधीच तू जमिनीवर आदळलेली असशील.

तुझी,
आई