गाजरगवताची खाज ट्यूबने जात नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल प्रतिकारशक्तीला वेसण घालणाऱ्या ‘नियामक टी पेशीं’च्या संशोधनाला मिळालं (टी पेशी म्हणजे शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी). त्याच्या बातम्यांत कर्करोग आणि मधुमेह आला, कातडीचं नाव क्वचितच दिसलं. खरं तर विजेत्यांपैकी मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ज्या रोगट उंदरांवरून या पेशींचं जनुक शोधलं, त्यांची कातडीच खवल्यांची होती. त्याच जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या मुलांनाही तान्हेपणीच इसब होतो.

आपल्याकडे प्रतिकारशक्ती आणि कातडीचा हा विषय बांधावर उगवतो, गाजरगवताच्या रूपाने. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातली. त्यातल्या पार्थेनिन या रसायनाचे कण वाळक्या गवताच्या धुळीतून अंगावर बसतात आणि कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात. काहींच्या टी पेशी त्यालाच शत्रू समजतात, आणि ही ओळख सहसा जन्मभर पुसत नाही. दाह उठायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे परवा केलेल्या खुरपणीवर कुणाचाच संशय जात नाही. आमच्या भागात याला सर्रास ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणतात. पण उन्हाचा त्रास पापण्या आणि हनुवटीखालचा भाग बहुधा सोडतो. गाजरगवत नेमकं तिथेच धरतं. पापण्या सुजतात, मानेच्या वळ्या आणि कोपराची खोबण जाड, काळपट होते.

मग माणूस मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागतो. ती बहुतेकदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. चार दिवस बरं वाटतं. महिनोन्‌महिने चोळली की चेहऱ्याची कातडी पातळ होते आणि बंद केली की भडका उडतो. १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असं केंद्राने २०१८ मध्येच बजावलं आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत ते कुणी ऐकल्याचं दिसत नाही.

स्टिरॉइड वाईट नव्हे. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तेच पहिलं औषध. दीर्घकाळच्या त्रासाला आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ ॲझाथायोप्रिन ही जुनी, स्वस्त गोळी वर्षानुवर्षं देत आले आहेत. मात्र ती पांढऱ्या पेशी कमी करू शकते, काही भारतीयांत तर जनुकीय कारणाने फारच. म्हणून रक्ततपासणी चुकवून चालत नाही. इंटरल्युकिन ४ आणि १३ या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनांचा मार्ग अडवणारं दुपिलुमॅब हे नवं औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं ते जन्मजात प्रवृत्तीच्या इसबासाठी. गाजरगवतावर तोच रामबाण म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर सावध राहावं. नियामक पेशींचं बळ वाढवणारी औषधं अजून चाचण्यांत आहेत.

तोवर निदान तरी नीट व्हावं. त्रास नेमका कशाचा हे ओळखायला पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी वाचायची पॅच टेस्ट काही अवघड यंत्रावर होत नाही. ती आणि ॲझाथायोप्रिनसाठी लागणारी रक्ततपासणी उपजिल्हा रुग्णालयात ठरल्या वारी मिळावी. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह असतो. त्यात शाळकरी पोरांना उघड्या हातांनी गवत उपटायला उभं करू नये. फुलोऱ्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, आणि ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना वगळून ते काम व्हावं. आरोग्य खात्याने त्याच आठवड्यात गावात एक त्वचातपासणी शिबिर ठेवावं.

– एक शेतकरी वाचक, जि. पुणे