किनाऱ्याच्या सुरक्षेचा हिशेब विधिमंडळात मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी ज्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवले गेले ते शेखाडी आणि १८ ऑगस्ट २०२२ रोजी तीन एके-४७ रायफलींसह एक बेवारस नौका जिथे सापडली ते हरिहरेश्वर, ही दोन्ही ठिकाणे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन या एकाच तालुक्यात आहेत. या नौकेचा घातपाताशी संबंध दिसत नसल्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधिमंडळात सांगितले, आणि ओमानच्या बाजूने ती वाहत आल्याचेही स्पष्ट झाले. त्याने जीव भांड्यात पडला हे खरे. परंतु शस्त्रे असलेली परदेशी नौका किनाऱ्याला लागेपर्यंत कोणालाही कशी दिसली नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर या तालुक्यातील रहिवाशांना आजवर मिळालेले नाही.

हा प्रश्न एका नौकेपुरता असता तर हे पत्र लिहिले नसते. जुलै २०११ मध्ये ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' नावाचे तेलवाहू जहाज थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले, आणि तेही २६/११ नंतरची सगळी नवी व्यवस्था उभी राहिल्याचे सांगितले जात असताना. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतमधील मालकाच्या जाचाला कंटाळून निघालेले तिघे भारतीय मच्छीमार मालकाच्याच बोटीतून अरबी समुद्र ओलांडून आले. त्यांची बोट पोलिसांच्या गस्ती नौकेच्या नजरेस पडली ती मुंबई बंदराच्या तोंडाशी. त्या गस्तीवरील पोलिसांचे कौतुकच केले पाहिजे, पण त्याआधीची सुरक्षेची सर्व वर्तुळे ती बोट ओलांडून आली होती. या तिन्ही प्रसंगांत कोणाचा वाईट हेतू नव्हता, हे आपले नशीब. नशिबावर विसंबणे म्हणजे नियोजन नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून आले आणि रबरी होडीतून कफ परेडला बधवार पार्कजवळच्या कोळीवाड्यात उतरले. त्यांना प्रथम पाहिले आणि हटकले ते तिथल्या कोळी बंधू-भगिनींनी. त्यानंतरच्या तीन दिवसांत १६६ जणांचे प्राण गेले. या हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन या माजी अधिकाऱ्यांची समिती नेमली. पण तिच्या कक्षेत केवळ राज्य पोलिसांचा प्रतिसाद होता, केंद्रीय गुप्तचर यंत्रणा, नौदल आणि तटरक्षक दलाकडून खुलासा मागण्याचा अधिकार तिला नव्हता. म्हणजे ज्या समुद्रातून हल्ला आला त्या समुद्राची जबाबदारी कोणी कशी पार पाडली, याची सर्वंकष आणि जाहीर चौकशी या देशात झालीच नाही. माझ्या मते आपल्या सगळ्या अस्वस्थतेचे मूळ इथेच आहे.

हल्ल्यानंतर राजीनामे झाले. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले आणि पुढील वर्षीच्या निवडणुकीनंतर त्याच खात्यावर परतले. व्यक्ती बदलल्या, परंतु कोणते काम कोणी, कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायचे होते आणि ते का झाले नाही, हे विचारण्याची रीत काही रुजली नाही. मुंबईत सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याचा निर्णय हल्ल्यानंतर लगेचचा. निविदांच्या घोळात वर्षे गेली, मधल्या काळात जुलै २०११ मध्ये झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर येथे पुन्हा स्फोट झाले, आणि ते जाळे पूर्ण झाले २०१६ मध्ये. सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी २००९ मध्ये नौदलाकडे सोपवली गेली, तरी नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, सीमाशुल्क, बंदरे आणि मत्स्यव्यवसाय या साऱ्यांचा मेळ घालणारा राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक नेमायला २०२२ साल उजाडले. या दिरंगाईबद्दल कोणत्याही पक्षाच्या सरकारने जनतेला कारण दिलेले माझ्या वाचनात नाही.

गोपनीयतेचा मुद्दा पुढे केला जाईल. गस्तीचे मार्ग, रडारची ठिकाणे किंवा गुप्तवार्ता उघड करा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु कारगिल युद्धानंतर त्याच्या आढाव्यासाठी नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल संवेदनशील मजकूर वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेलाच होता आणि त्यामुळे देशाची सुरक्षा धोक्यात आली नाही. मग सागरी पोलीस ठाण्यांतील किती पदे रिक्त आहेत, वर्षभरात गस्ती नौका किती दिवस दुरुस्तीसाठी उभ्या होत्या, डिझेलसाठी मंजूर झालेला निधी किती खर्च झाला आणि 'सागर कवच' या किनारी सुरक्षेच्या सरावांत आढळलेल्या त्रुटींपैकी किती दूर झाल्या, हे सांगण्यात अडचण कोणती?

शेवटी किनाऱ्यावर अनोळखी होडी सर्वांत आधी दिसते ती मच्छीमाराला. त्याने ओळखपत्रे काढली, नौकांच्या नोंदणीचे आणि तपासणीचे सोपस्कार पाळले, सागर रक्षक दल या स्वयंसेवकांच्या दलात नावे दिली. त्याने १०९३ या सागरी सुरक्षा हेल्पलाइनवर कळवले तर पुढे काय झाले, हे त्याला कोणीतरी उलट कळवायला हवे. ते होत नाही म्हणून कळवण्याची उमेदही हळूहळू कमी होते.

म्हणून गृहखात्याने सागरी सुरक्षेचा वार्षिक अहवाल दर हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवावा, त्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी आणि जिल्हानिहाय उत्तरदायी अधिकारी पदनामासह जाहीर करावेत, अशी मागणी मी आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर आणि मुंबईच्या आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अधिवेशनातच ती सभागृहात मांडावी.

आपला,
एक वाचक
श्रीवर्धन, जि. रायगड